पश्चिमेच्या भिंतीची बाटली

आबांच्या तळघरात उतरायचं तर अंगाला साबणाचा वाससुद्धा चालत नसे. केसांना तेल नको, तोंडात तंबाखू नको, कपाटातल्या डांबरगोळ्यांचा वास लागलेली साडी नको. गजऱ्याचं तर विचारूच नका. वायनरीच्या मालकीणबाई एकदा पाहुण्यांना तळघर दाखवायला डोक्यात मोगरा माळून आल्या, तर आबांनी त्यांना दारातच अडवलं. "वैनी, फुलं हितं खुंटीला ठिवा. आत म्हाताऱ्या निजल्यात." म्हाताऱ्या म्हणजे बाटल्या. मालकीणबाईंनी निमूटपणे गजरा काढून खुंटीला अडकवला. ही गोष्ट मी तिथं लागायच्या आधीची. कामगारांनी ती मला पहिल्याच दिवशी ऐकवली, कारण मी डोक्याला चापून खोबरेल लावून कामावर गेले होते.

बारामतीहून इंदापूरकडे जाताना रस्ता सोडून थोडं आत, उसाचे फड संपून मुरमाड माळ सुरू होतो तिथं आमची वायनरी. आजूबाजूच्या गावांत तिला दारूचा कारखानाच म्हणतात. मी तिथल्या लॅबमध्ये केमिस्ट होते आणि आबा तळघराचे प्रमुख. हुद्द्याचं इंग्रजी नाव मोठं होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मी ऐकलं नाही. उलट तेच सगळ्यांना हुद्द्यानं हाक मारायचे. बॉयलर सांभाळणारा तो 'बॉयलर', माल भरणारा तो 'लोडिंग', आणि मी 'लॅब'. "लॅब, हिकडं ये," अशी हाक तळघराच्या जिन्यातून घुमायची आणि मी हातातली परीक्षानळी ठेवून पळायचे. चौतीस वर्षांची, एका मुलीची आई असलेली बाई मी, पण त्या हाकेला पळायचेच.

आबांनी उभा जन्म वाइनमध्ये काढला आणि थेंब कधी गिळला नाही. त्यांच्या वडिलांनी दीक्षा घेतलेली. आबा स्वतः दर पौर्णिमेला गावच्या विहारात जाऊन पंचशील म्हणायचे, आणि त्यातलं पाचवं शील मद्याचंच. घोट तोंडात घ्यायचा, गालागालांतून फिरवायचा आणि बादलीत थुंकायचा. सगळेच चाखणारे थुंकतात, पण शेवटचा एखादा घोट गिळतातच. आबा तोही नाही. एकदा बॉयलरनं त्यांना छेडलं, "आबा, रोज दारू तोंडात घेता आन् विहारात शील म्हणता, हे कसं?" आबांनी मला हाक मारून लॅबमधलं मोजपात्र आणायला लावलं. त्यात तीस मिलिलिटर वाइन मोजून घेतली, चाखली, त्याच पात्रात परत थुंकली आणि पात्र बॉयलरच्या डोळ्यांसमोर धरलं. बत्तीस भरली. "वरली दोन माझ्या पदरची," आबा म्हणाले. "आता सांग, कोण कुणाला प्यालं?" पुन्हा तो विषय कुणी काढला नाही.

हे सगळं ज्या नाकाच्या जोरावर चालायचं, ते नाक त्यांना कुणी शिकवून दिलेलं नव्हतं. ते तिथं पिंपं धुवायला लागले होते. सुरुवातीच्या हंगामात एक परदेशी साहेब वाइन करायला यायचा. आबांनी एका ओक लाकडाच्या पिंपाला नाक लावलं आणि ते भरू नका, आत ओलं पोतं कुजल्यासारखं येतंय, असं खुणांनी सांगितलं. साहेबानं स्वतः वास घेतला, पिंप बाजूला काढलं आणि आबांच्या हातातला ब्रश काढून घेऊन पेला दिला. तेव्हापासून आबा तळघरातच.

आबांचे वडील ज्यांच्या बागेत खड्डे खणायला जात, त्या घरी त्यांना पाणी वरून ओंजळीत मिळायचं. त्याच घरातले बागाईतदार पुढं हंगामात द्राक्षाचे घड घेऊन आबांसमोर उभे राहायचे. आबा एक मणी तोंडात टाकायचे, बी दाताखाली फोडायचे आणि म्हणायचे, "आठ दिस थांबा." की तोडणी आठ दिवस थांबायची. ओंजळीची गोष्ट मला काकूंनी, आबांच्या बायकोनं, सांगितली. आबांनी ती कधीच काढली नाही. त्यांचा सगळा मान त्या एका नाकावर उभा होता, आणि हे त्यांना आमच्या कुणाहीपेक्षा चांगलं ठाऊक होतं.

माझी आणि त्यांची ओळखही वासावरूनच झाली. त्याआधी मी, रसायनशास्त्राची पदवी घेऊन, पणदऱ्याला एका दूध संकलन केंद्रात होते. कॅनचं झाकण उघडायचं, एक श्वास घ्यायचा आणि दूध घ्यायचं की परत पाठवायचं ते सांगायचं, हे माझं काम. एका सकाळी माझ्या चुलतसासऱ्यांचा कॅन आला. मी झाकण उघडलं आणि कॅन परत केला. चारचौघांत त्यांनी मला काय काय ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही. मी एवढंच म्हणाले, "मामंजी, दूध नासायला लागलंय, न्हाय घेता येणार." गर्दीत मागं एक पांढऱ्या टोपीचे गृहस्थ कुणा नातेवाइकाबरोबर उभे होते. ते दुसऱ्या दिवशी परत आले आणि मला म्हणाले, "वाइनच्या लॅबमदी जागा हाय. येतीस का?" घरी आठवडाभर भांडण झालं. मग मी गेले.

शिराज म्हणजे काळसर लाल वाइन. बाटलीत दमानं मुरवली तर वर्षावर्षानं बदलत जाते. हे मला पुस्तकातून माहीत होतं. आबांनी ते आमच्या भाषेत शिकवलं. "नवी शिराज म्हंजी जांभूळ आन् मिरं. पोरीसोरींवानी, आल्या आल्या बोलायला लागती. पाच वर्सं झाली की मिरं बसतं, चामडं येतं. आठ-धा वर्सं झाली की तळाला गूळ लागतो, काहिलीतनं उतरताना येतो तसला. आन् थोडी तंबाखू, चंचीतली." पेला माझ्या हातात देऊन ते विचारायचे, "काय येतंय?" मी सांगायचे. ते मान हलवायचे. "आनखी?" मी आणखी शोधायचे. मला वाटायचं, म्हातारा किती जीव लावून शिकवतोय. आपलं नशीब थोर. घरी नवऱ्याला मी हे दहादा सांगितलं असेल.

सहा महिन्यांनी एका दुपारी मी तळघरात उतरले आणि जिन्यातच पदर नाकाला लावला. कुठंतरी उंदीर मरून पडला होता, दोन-तीन दिवसांचा. खाली आबा टेबलाशी बसून डबा खात होते. मी वासाच्या मागानं गेले, तर उंदीर त्यांच्या टेबलाखालच्या खोक्यामागं, त्यांच्या पायापासून वीतभर अंतरावर. आबांचा हात घासासकट थांबला. त्यांनी माझ्या पदराकडं पाहिलं, मग खोक्याकडं, मग परत माझ्याकडं. मी उंदीर कागदात गुंडाळून वर नेला, फिनेल टाकलं, हात धुतले आणि खाली येऊन विचारलं, "आबा, कालच्या नमुन्याचं काय करायचं?" ते म्हणाले, "घिऊन ये."

त्या साथीच्या तापात, मी लागायच्या थोडं आधी, त्यांचं नाक गेलं होतं ते परत आलंच नव्हतं. साखर, मीठ, आंबट, तुरट एवढं जिभेला कळायचं. बाकी काही नाही. हे ना ते बोलले, ना मी. ते "काय येतंय?" विचारत राहिले आणि मी सांगत राहिले. फरक एवढाच झाला, की आता ते शिकवत नाहीत हे मला माहीत होतं आणि मला माहीत आहे हे त्यांना माहीत होतं. माझ्यासारख्या फटकळ बाईला त्यांनी पणदऱ्याहून का उचलून आणलं, तेही मला त्या दुपारी कळलं.

आता त्या बाटल्यांविषयी. नऊ वर्षांपूर्वी एका खडकाळ तुकड्यातली शिराज फार उत्तम उतरली होती. आबांनी मालकांच्या हातापाया पडून ती विकू दिली नाही. मुरवायला तळघरात आडवी घातली. तळघराच्या तीन भिंती पुऱ्या जमिनीत आहेत, पण पश्चिमेला माळ उतरता असल्यामुळं ती भिंत कमरेपासून वर उघडी. आबा तापानं अंथरुणाला खिळले होते त्या मे महिन्यात तळघराचं गारवा यंत्र बंद पडलं आणि सहा दिवस सुरू झालं नाही. कामगारांनी भिंतीला ओली पोती लावली. आबा बरे होऊन आले तेव्हा पहिल्यांदा त्यांनी पश्चिमेच्या भिंतीला तळहात लावून पाहिला. नंतर बराच वेळ ते तिथंच उभे होते, असं लोडिंगनं मला सांगितलं.

गेल्या वर्षी मालकांनी ठरवलं, आता ही शिराज काढायची. पुण्याहून एक बाई येणार होत्या. मोठमोठ्या हॉटेलांसाठी वाइन निवडणं हे त्यांचं काम. त्यांची एकच रीत. समोर एक बाटली उघडायची. ती पसंत पडली तर सगळा माल, नाही पडली तर एकही बाटली नाही. मालक मनाचे मोकळे. त्यांनी आबांना शब्द दिला होता, की माल पसंत पडला तर बाटलीच्या मागच्या लेबलावर छापायचं, ही वाइन आठ वर्षं अमुक यांनी सांभाळली. आबांचं नाव, त्यांच्या गावाच्या नावासकट.

बाई यायच्या आदल्या दिवशी सकाळी आबांनी मला खाली बोलावलं. टेबलावर एक बाटली. "पश्चिमेची हाय," ते म्हणाले. "वरल्या फळीवरची. हाल झाले आसतील तर हिचे झाले. आज दोघात बघून घिऊ."

त्यांनी बूच काढलं, दोन पेले भरले. मी पेला नाकाशी नेला आणि पहिल्याच श्वासात मला कळलं. काहिलीच्या बुडाला लागलेला गूळ, उकडलेल्या मनुका, आणि त्याखाली काहीच नाही. जांभूळ नाही, मिरं नाही, चामडं नाही. त्या सहा दिवसांत वाइन शिजली होती.

आबांनी डोळे मिटले होते. पेला हातात, नाकापासून लांबच. "मिरं बसलं आसंल आता," ते म्हणत होते. "चामडं आलं आसंल. आन् खाली गूळ." ते वास घेत नव्हते, आठवत होते. मग घोट घेतला, फिरवला, थुंकला, आणि कपाळाला आठी घातली. "जिभंला जरा बसकी लागती गं. तुला काय वाटतंय? नीट घे."

'न्हाय' हा शब्द माझ्या ओठांवर आला होता, हे मी शपथेवर सांगते. तेवढ्यात आबांनी सदऱ्याच्या खिशातून प्लॅस्टिकच्या पिशवीत घडी करून ठेवलेला कागद काढला. मालकांनी नमुन्यादाखल छापून आणलेलं लेबल. "काल घरी नेलं व्हतं," ते म्हणाले. "बायकोनं चष्मा लावून दोनदा वाचलं. दोनदा." आणि एवढं बोलून तो माणूस हसला. दोन वर्षांत मी त्यांना असं हसताना पाहिलं नव्हतं.

मी म्हणाले, "चांगली हाय, आबा. जुनी हाय म्हणून बसकी लागत आसंल."

"खरं?"

"खरं."

चुलतसासऱ्यांना भर गर्दीत नासलंय म्हणून सांगणारी मी, तळघरात फक्त आम्ही दोघं असताना, या माणसाला सांगू शकले नाही. मला तेव्हा तो मोठेपणा वाटला. आपल्याकडे वडीलधाऱ्या माणसाचं मन राखायचं म्हणजे पुण्यच, तसंच काहीसं. शिवाय मी मनाशी हिशेब केला होता, की उद्या ते आतल्या भिंतीची बाटली काढतील, ती उत्तम निघेल, लेबल छापलं जाईल, आणि पश्चिमेच्या बाटल्या मी नंतर हळूच वेगळ्या काढीन. कुणाचंच काही बिघडणार नव्हतं.

आबा उठले आणि पश्चिमेच्या भिंतीकडं गेले. वरच्या फळीवरून, उघडलेल्या बाटलीच्या शेजारचीच बाटली दोन्ही हातांनी काढून आणली आणि टेबलावर उभी केली. जुन्या वाइनला गाळ असतो. तो तळाशी बसावा म्हणून बाटली आदल्या दिवशी उभी करून ठेवतात.

"ही कशाला?" मी विचारलं.

"उद्याला. बाईम्होरं हीच उघडायची."

"आबा, आतल्या भिंतीची काढू की."

"का?" त्यांनी माझ्याकडं रोखून पाहिलं. "जिनं समद्यात जास्त सोसलं ती जर चांगली हाय, तर तीच म्होरं करायची. त्यातच मजा हाय. का, तुला काय वाटतंय?"

तिथंसुद्धा बोलता आलं असतं. "काय न्हाय, आपलं तसंच," मी म्हणाले.

"तळघरात तसंच म्हणून काय नसतं," आबा म्हणाले आणि वर गेले.

घरी भाजी करपली, मुलीचा डबा द्यायचा राहिला. शेजारच्या बाटलीला कदाचित ऊन कमी लागलं असेल, असं मी स्वतःला समजावत होते, आणि तसं होणार नाही हेही मला कळत होतं. सकाळी लवकर जायचं आणि बाटली बदलायची, असं ठरवलं. आतल्या भिंतीची बाटली आत्ता उभी केली तर गाळ बसणार नाही, वाइन गढूळ दिसेल, पण गढूळ परवडली. सातच्या आत मी वायनरीत पोहोचले. तळघराचा दिवा चालू होता. आबा खुर्ची घेऊन बाटलीसमोर बसले होते, धुतलेला पांढरा सदरा घालून. "माझी बी झोप झाली न्हाय," ते म्हणाले. आणि बाई येईपर्यंत त्या खुर्चीवरून हलले नाहीत. चार तास. मी दोनदा खाली गेले, एकदा पेले पुसायला आणि एकदा उगीचच. दोन्ही वेळा तोंडाशी आलेलं गिळलं, कारण दोन्ही वेळा लोडिंग नाहीतर बॉयलर तिथं झाडलोट करत होते. काल आम्ही दोघंच होतो, आज नव्हतो.

अकराला बाई आल्या. पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले, अंगाला कसलाही वास नाही. आबांनी त्यांना दारात न विचारता आत घेतलं. मालक सोबत होते. बाईंनी पाणीसुद्धा नको म्हटलं. "सुरू करू या?"

आबांनी बूच काढलं. उजेडासमोर धरून, गाळ हलू न देता, त्यांनी वाइन चंबूत ओतली आणि चंबूतून पेल्यात. मग सवयीनं पेला स्वतःच्या नाकाशी नेला, डोळे मिटले, मान डोलावली आणि तो बाईंसमोर ठेवला. मी तीन हात लांब उभी होते. मला तिथं करपलेला गूळ आला.

बाईंचा फोन वाजला. त्यांनी नंबर पाहिला, "एक मिनिट हं," म्हणाल्या आणि बोलत बोलत जिन्यापर्यंत गेल्या. पेला टेबलावर होता. मालक आबांच्या खांद्यावर हात ठेवून काहीतरी बोलत होते. आबांचं लक्ष पेल्याकडं.

गप्प राहिले तर आबांची आठ वर्षं गटारात जाणार होती, सगळ्या भिंतींसकट. बोलले तर पुढचा प्रश्न काय येणार ते मला ठाऊक होतं. बाई फोन ठेवून परत आल्या. त्यांनी पेल्याला हात घातला.

"मॅडम, तो पेला ठेवा," मी म्हणाले. माझा आवाज मलाच वेगळा वाटला. "ती बाटली उन्हानं गेलेली आहे. दुसरी देते."

मालक माझ्याकडं पाहायला लागले. बाईंनी पेला नाकाशी नेला, क्षणभर थांबल्या आणि खाली ठेवला. "हो," त्या म्हणाल्या. "शिजलीय." मग तो प्रश्न आला. मालकांनीच विचारला, अगदी साधेपणानं. "अहो, पण आबांनी आत्ताच वास घेतला ना?"

आबांनी पेला उचलला आणि पुन्हा नाकाशी नेला. खूप वेळ धरला. मग खाली ठेवून ते मालकांना म्हणाले, "तिचं बरोबर हाय. मला वास येत न्हाय, मालक. अडीच वर्सं झाली."

मग ते आतल्या भिंतीकडं गेले, खालच्या फळीवरून एक बाटली आणली, उघडली आणि पेला भरून माझ्या हातात दिला. बाईंच्या नाही, माझ्या. "घे," ते म्हणाले. मी वास घेतला. चामडं, तंबाखू, गूळ आणि अगदी शेवटी, अजून न मेलेलं जांभूळ. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. "उत्तम हाय, आबा," मी म्हणाले. ते माझ्या तोंडाकडं पाहत राहिले, आणि मला समजलं की आता माझ्या शब्दावर विश्वास ठेवावा की नाही हेच त्यांना कळत नाहीये. बाईंनी चाखली. दोनदा चाखली. पश्चिमेची भिंत सोडून सगळा माल त्यांनी घेतला.

आबा दुसऱ्या दिवशी आले नाहीत, तिसऱ्या दिवशीही नाही. मालक स्वतः दोनदा त्यांच्या घरी जाऊन आले. नुसते येऊन बसा म्हणाले. आबांनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं. बागाईतदारांत बातमी पसरायला आठवडा लागला नाही. बॉयलर मला म्हणाला, "ताई, तुमी चांगलं केलंत, माल वाचवलात." मला त्याच्या थोबाडीत मारावीशी वाटली.

तळघर माझ्याकडं आलं. लेबलं छापून आली तेव्हा त्यांच्यावर माझं नाव होतं. मालक म्हणाले, "शेवटी वाइन ओळखली ती तुम्ही. आता नाक नसलेल्या माणसाचं नाव घातलं तर लोक हसतील." मी नको म्हणाले. एकदाच म्हणाले. ते म्हणाले, आता छापून झालंय. मी गप्प बसले.

तीन महिन्यांनी मी एक बाटली घेऊन जळोचीला गेले. गाव सोडून आबा तिथं मुलाच्या नव्या घरी राहायला आले होते. कुणाच्या तरी तोंडून लेबलाचं कळण्यापेक्षा मीच दाखवलेलं बरं, असं मला वाटलं. आबांनी बाटली घेतली, लांब धरून मागची बाजू वाचली. ओठ हलत होते. वाचून झाल्यावर बाटली टेबलावर ठेवली. काकू स्वयंपाकघरातून बघत होत्या. त्या बाहेर आल्या नाहीत.

"आबा, मला माफ करा," मी म्हणाले. "मी चारचौघांत बोलायला नको होतं."

"त्याचं काय न्हाय," आबा म्हणाले. "ते बोलायलाच पायजे व्हतं. न्हायतर समदा माल गेला आसता." बाहेर कुणीतरी मोटर सुरू केली, नळाला पाणी आलं. "आदल्या दिशी तळघरात आपुन दोघंच व्हतो. तवा सांगितलं आसतंस तर पश्चिमेच्या बाटल्या आपुन दोघांनी बाजूला काढल्या आसत्या. मालकाला कळलं नसतं, बाईला कळलं नसतं. म्या तुला दोनदा इचारलं. खरं का, म्हणून बी इचारलं. का न्हाय सांगितलंस?"

मी वाटेत दहा उत्तरं जुळवली होती. ती सगळी सोडली. जे खरं होतं ते म्हणाले. "तुमचं तोंड बघून धीर झाला न्हाय, आबा. तुमी लई खुशीत होता."

आबांनी मान हलवली. रागावलेले दिसत नव्हते. ते रागावले असते तर मला सोसलं असतं.

"माझं तोंड बघून बोलणारी माणसं लई हायती, बाय," ते म्हणाले. "खरं सांगणारं एकच व्हतं."